वाचक विचारतात : हवेतील आयन, नवे सूक्ष्मकण आणि आपले उष्ण हवामान

ढगातील प्रत्येक थेंब कोणत्या ना कोणत्या कणाभोवतीच जमतो, असे विधान या सदरातील मागील एका उत्तरात आले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी ज्यांचा रोख हवेतील आयन, म्हणजे विद्युतभारित रेणू, आणि कणांचा जन्म यांच्याकडे आहे, अशी पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. काही पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न (सातारा येथील एक माध्यमिक शिक्षिका) : थेंबाला आधार देणारे कण म्हणजे धूळ, धूर आणि समुद्राचे मीठ एवढेच समजायचे, की स्वच्छ हवेतही नवे कण तयार होतात? यात आयनांचा हात असतो असे वाचले. ते कितपत खरे?

उत्तर : धूळ, धूर, परागकण आणि लाटांच्या फेसातून उडालेले मीठ हे सर्व आयते कण आहेत, ते जमिनीवरून किंवा समुद्रावरून हवेत चढतात. त्यांच्याखेरीज हवेतल्या हवेत, वायूंपासून थेट तयार होणाऱ्या कणांचा एक मोठा वर्ग आहे आणि तो मुळीच दुर्लक्षणीय नाही. जागतिक प्रारूपांवरून केलेल्या अंदाजांनुसार, ढगांच्या थेंबांना आधार देऊ शकणाऱ्या कणांपैकी जवळजवळ निम्मे कण अशा रीतीने वातावरणातच जन्मलेले असतात.

या जन्माची सुरुवात बहुधा सल्फर डायऑक्साइडपासून होते. कोळसा आणि डिझेल जळताना, तसेच ज्वालामुखींतून तो बाहेर पडतो. समुद्रातील सूक्ष्म वनस्पती सोडतात त्या गंधकयुक्त वायूपासूनही तो हवेत तयार होतो. सूर्यप्रकाश, ओझोन आणि पाण्याची वाफ यांच्यापासून बनणारे हायड्रॉक्सिल मूलक या वायूचे रूपांतर सल्फ्युरिक आम्लात करते. हे आम्ल वायुरूपात फार काळ राहू इच्छित नाही. एका घन सेंटिमीटर हवेत एकूण सुमारे २.५ × १०^१९ रेणू असतात आणि त्यांत या आम्लाचे दहा लाख ते एक कोटी रेणू असले, तरी ते पाणी, अमोनिया आणि अमाइन यांच्याबरोबर एकत्र येऊन इवले पुंजके बांधू लागतात. पुंजका एक-दीड नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश) असताना त्याच्यावर दोन संकटे असतात. एक तर त्यातील रेणू पुन्हा सुटून जातात, नाही तर तो पुंजकाच एखाद्या मोठ्या कणावर आदळून नाहीसा होतो. यातून निभावून तो तीन नॅनोमीटरपर्यंत पोहोचला, की झाडांनी सोडलेल्या सुगंधी द्रव्यांच्या ऑक्सिडीकरणातून बनणाऱ्या सेंद्रिय वाफा त्याच्यावर बसू लागतात आणि तो तासाला काही नॅनोमीटर या गतीने वाढतो. ढगाच्या थेंबाचे केंद्रक होण्यासाठी त्याला साधारण ५० ते १०० नॅनोमीटरची मजल मारावी लागते आणि त्यात एक-दोन दिवस सहज जातात. फिनलंडमधील ह्युटिआला येथील जंगलात १९९६ पासून कणांच्या आकारांची अखंड नोंद होत आहे. वेळ आडव्या अक्षावर आणि कणांचा आकार उभ्या अक्षावर घेतला, की नवे कण जन्मतात त्या दिवशी सकाळी खाली उमटलेला ठिपका संध्याकाळपर्यंत वर वळत जातो. या क्षेत्रातील लोक त्या आकृतीला सरळ ‘केळे’ म्हणतात.

आता आयनांकडे वळू. हवा पूर्णपणे विद्युतरोधक नाही, हे अठराव्या शतकापासून ठाऊक होते. नीट अलग ठेवलेल्या धातूच्या गोळ्यावरील विद्युतभारही हळूहळू गळून जातो. त्याचे कारण हवेतील आयन होत. जमिनीतून झिरपणारा रेडॉन वायू, माती आणि खडक यांतील किरणोत्सर्गी द्रव्ये आणि अवकाशातून येणारे विश्वकिरण हे तिघे मिळून हवेच्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात. ऑस्ट्रियाचे व्हिक्टर हेस यांनी ७ ऑगस्ट १९१२ रोजी बलूनमधून पाच हजार मीटरहून अधिक उंची गाठली. उंचीबरोबर हवेचे आयनीभवन वाढत जाते हे त्या उड्डाणात दिसले आणि त्यावरूनच विश्वकिरणांचा शोध लागला. जमिनीलगत दर घन सेंटिमीटरमध्ये दर सेकंदाला सुमारे दहा आयन-जोड्या (एक धन, एक ऋण) तयार होतात. त्यांपैकी दोनच्या आसपास विश्वकिरणांच्या, बाकीच्या जमिनीच्या. समुद्रावर मात्र रेडॉन जवळजवळ नसल्यामुळे केवळ विश्वकिरणांचाच हिशेब उरतो.

सुटा आयन क्षणभरही एकटा राहत नाही. पाण्याचे आणि इतर वायूंचे रेणू त्याला लगडतात आणि त्याचाच सुमारे एक नॅनोमीटरचा पुंजका होतो. आपल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. कणाचा जन्म ज्या आकारापाशी सुरू होतो, त्या आकाराचा आणि वर विद्युतभार असलेला पुंजका हवेत आधीच तयार असतो. हा भार ध्रुवीय रेणूंना ओढून घेतो आणि बसलेल्या रेणूंना सहजी सुटू देत नाही, म्हणून भारित पुंजका बिनभारित पुंजक्यापेक्षा अधिक टिकतो. पण या मदतीला एक कमाल मर्यादा आहे आणि लोकप्रिय लेखांत ती बहुतेक वेळा गाळली जाते. सेकंदाला दहाच जोड्या बनत असतील, आणि त्यांतील पुष्कळशा परस्परविरुद्ध भारांच्या भेटीत नाहीशा होत असतील, तर आयनांवर आधारलेल्या कणांची निर्मिती त्या आकड्याच्या फार पुढे जाऊच शकत नाही. प्रदूषित शहरांत सेकंदाला दर घन सेंटिमीटरमागे दहा-वीस कण बनत असल्याचे मोजले गेले आहे. तेथे आयनांना श्रेय देणे हिशेबातच बसत नाही.

प्रश्न (पुण्यातील एक पदव्युत्तर विद्यार्थी) : फिनलंडच्या जंगलातील निरीक्षणे पुष्कळ सापडतात. आपल्याकडे ऊन अधिक, वाफ अधिक. मग येथे नवे कण अधिक वेळा तयार व्हायला हवेत. तसे होते का?

उत्तर : तसे होत नाही, आणि उष्ण कटिबंधातील वातावरणाचा अभ्यास करणाऱ्यांना या प्रश्नाने बरीच वर्षे गुंतवून ठेवले आहे.

आपला तर्क एका बाजूने अगदी रास्त आहे. हायड्रॉक्सिल मूलक तयार होण्यासाठी लागणारे प्रखर ऊन आणि पाण्याची वाफ या दोन्ही गोष्टी आपल्याकडे मुबलक आहेत. परंतु त्याच उष्णतेमुळे पुंजक्यांतील रेणू सुटून जाण्याचा वेगही वाढतो. पाच-दहा अंशांच्या फरकाने जन्मदर कित्येक पटींनी बदलू शकतो. दुसरी अडचण आधीच हवेत असलेल्या कणांची. जेथे धूळ आणि धूर दाटलेले असतात, तेथे नव्याने बनलेली आम्लाची वाफ त्यांच्याच पृष्ठभागावर जाऊन बसते. भरल्या पंगतीत वाढपी पुढच्या पानांवरच रिकामा व्हावा आणि उशिरा आलेल्याच्या पानापर्यंत काही पोहोचूच नये, तसे हे घडते. आयनांचेही तेच होते, कारण मोठे कण लहान आयनांना गिळून टाकतात.

म्हणूनच तिरुपतीजवळच्या गाडंकी येथील निमग्रामीण केंद्रात नव्या कणांचा जन्म क्वचितच आढळला, आणि हिमालयाच्या पायथ्याकडील मुक्तेश्वर येथेही असे दिवस थोडेच होते. तेही मुख्यतः पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत, जेव्हा दुपारी वर चढणारी दरीतली हवा त्या उंचीपर्यंत पोहोचते. याउलट, जेथे अपेक्षा सर्वांत कमी होती त्या दिल्लीत, २००२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील मोजणीत नव्या कणांचा जन्म आणि तासाला दहा नॅनोमीटरहून अधिक वेगाने होणारी त्यांची वाढ या दोन्ही गोष्टी दिसल्या. हवेत वाफाच इतक्या असतात, की जुन्या कणांनी पोटभर घेऊनही नव्यांना उरते. दिल्लीच्या हिवाळी रात्रींबद्दल तर आणखी चमत्कारिक गोष्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली : लाकूडफाटा आणि पालापाचोळा जाळल्यामुळे निघालेल्या वाफा थंडीत संघनित होऊन, ऊन नसतानाही, लहान कणांना झपाट्याने मोठे करतात.

पुण्याविषयी आपल्याला विशेष कुतूहल असणारच. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत वातावरणीय विजेच्या संशोधनाची परंपरा जुनी आहे. तेथे एस्टोनियात विकसित झालेल्या आयन-वर्णमापकाने, म्हणजे आयन आकारानुसार वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणाने, सुमारे ०.८ ते ४२ नॅनोमीटर या पट्ट्यातील आयन मोजण्यात आले, आणि २०१२ च्या उन्हाळ्यात पुणे व कानपूर या दोन शहरांत एकाच काळात कणजन्माची निरीक्षणे झाली. दोन्हीकडे असे दिवस नोंदले गेले. आपल्याकडे हे काम फिनलंडच्या मानाने कितीतरी उशिरा सुरू झाले, हे खरे. पण एप्रिल-मेची कोरडी, तापलेली आणि दुपारी दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत ढवळली जाणारी दख्खनची हवा उत्तरेकडील जंगलांत कधीच अभ्यासायला मिळाली नसती.

या ठिकाणी एक गोष्ट जवळून पाहण्याजोगी आहे. निरभ्र, शांत रात्री जमिनीलगतची हवा थंड होते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. जमिनीतून येणारा रेडॉन त्याखाली कोंडला जातो, त्यामुळे आयनांची निर्मिती पहाटे सर्वांत जास्त असते. सूर्य वर आला की झाकण फुटते, रेडॉन वरच्या हवेत विरतो आणि आयननिर्मिती उतरते. नवे कण मात्र पहाटे दिसत नाहीत. ते दिसतात ऊन चढल्यावर, सकाळी नऊ-दहाच्या पुढे. आयन जर या नाटकाचे सूत्रधार असते, तर कण पहाटेच जन्मले असते. माझ्या मते, जमिनीलगतच्या उष्णदेशीय हवेत आयनांची भूमिका दुय्यम आहे, याचा इतका साधा पुरावा दुसरा नाही. पुंजका बांधायला लागणारा माल उन्हात तयार होतो. आयन केवळ त्याला धरून ठेवण्यास हातभार लावतात.

पावसाळ्यात काय होते, हेही आपण विचारले आहे. पाऊस जुने कण धुऊन काढतो, म्हणजे नव्यांना वाव मिळायला हवा. पण ढगांमुळे ऊन कमी होते, विरघळणारे वायूही पावसाबरोबर खाली येतात आणि अरबी समुद्रावरून येणाऱ्या हवेत सल्फर डायऑक्साइड थोडाच असतो. त्या हवेत रेडॉनही नसतो आणि भिजलेली जमीन स्वतःचा रेडॉन सहसा बाहेर पडू देत नाही, म्हणून आयननिर्मितीही मंदावते. त्यात एक फसगत दडलेली आहे : पाऊस पडत असताना आयनमापकावर दोन-तीन नॅनोमीटरच्या, विशेषतः ऋणभारित, आयनांची एकदम झुंबड दिसते. थेंब पृष्ठभागांवर आपटून फुटतात तेव्हा हे भारित तुषार निर्माण होतात. हा कणजन्म नव्हे. पावसाच्या वेळा शेजारी ठेवल्याशिवाय जून ते सप्टेंबरच्या आलेखावरून निष्कर्ष काढू नये.

मात्र उष्ण कटिबंधात कणांचा कारखाना नाहीच, असे कोणी समजू नये. तो आहे, पण वरच्या मजल्यावर. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात जमिनीलगत नवे कण जवळजवळ बनत नाहीत, तरीही तेथील हवेत लहान कण पुष्कळ असतात, हे बराच काळ कोडे होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले, की हे कण उंचावर बनतात आणि वादळी पावसाबरोबर येणाऱ्या खालच्या दिशेच्या झोतांनी जमिनीकडे आणले जातात. नासाच्या विमानाने २०१६ ते २०१८ या काळात पॅसिफिक आणि अटलांटिक महासागरांवरून उत्तर-दक्षिण अशा वारंवार चकरा मारल्या, तेव्हा उष्ण कटिबंधाच्या वरच्या वातावरणात नव्या कणांचा एक विशाल पट्टाच सापडला. गडगडाटी ढग जमिनीवरचे वायू दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर फेकतात. वाटेत पाऊस मोठे कण काढून टाकतो आणि वायू मागे राहतात. वर उणे ५०-६० अंश सेल्सियसची थंडी असल्यामुळे पुंजके सुटत नाहीत. २०२४ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने यात आणखी एक दुवा जोडला : झाडे मोठ्या प्रमाणावर सोडतात तो आयसोप्रीन वायू रात्रीतून ढगांबरोबर वर जातो आणि सकाळी ऊन पडताच, विजांमुळे बनलेल्या नायट्रोजन ऑक्साइडच्या साहाय्याने, त्याच्यापासून कण बनतात. जमिनीलगत हाच आयसोप्रीन कणजन्माला मारक समजला जात होता.

आपल्या मान्सूनवरही असा कारखाना चालतो. २०१७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये काठमांडूहून उडालेल्या उंच उड्डाणाच्या विमानाने वीस किलोमीटरपर्यंत जाऊन तेथे नवे कण मोजले. त्या उंचीवर अमोनियाही असल्याचे दिसून आले आहे; गंगेच्या मैदानातील शेणखत आणि युरिया यांतून निघणारा अमोनिया मान्सूनचे ढग तिथवर पोहोचवतात. पुढे प्रयोगशाळेत, अमोनिया, नायट्रिक आम्ल आणि सल्फ्युरिक आम्ल ही तीन द्रव्ये थंडीत एकत्र आली तर कोणत्याही दोघांपेक्षा कित्येक पटींनी अधिक कण बनवतात, हे २०२२ मध्ये दाखवण्यात आले.

प्रश्न (चिपळूण येथील एक सेवानिवृत्त अभियंता) : विश्वकिरणांमुळे ढग बनतात, सूर्याचे चुंबकत्व त्या किरणांना अडवते, म्हणून तापमानवाढीचे खरे कारण सूर्यच आहे, असा एक लेख व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहे. सर्न प्रयोगशाळेने हे सिद्ध केले असाही त्यात दावा आहे.

उत्तर : लेखातील पहिले पाऊल भौतिकशास्त्राला धरून आहे, शेवटचे नाही. विश्वकिरण आणि ढग यांचा संबंध १९९७ मध्ये डेन्मार्कच्या हेन्रिक स्वेन्समार्क यांनी उपग्रहांच्या नोंदींवरून पुढे मांडला. त्याची तपासणी करण्यासाठी जिनिव्हाजवळच्या सर्न येथे ‘क्लाउड’ हा प्रयोग उभारण्यात आला. सुमारे तीन मीटर व्यासाचे आणि २६ घनमीटरचे पोलादी पात्र, त्यात अतिशुद्ध हवा आणि मोजून सोडलेले वायू, असे त्याचे स्वरूप आहे. पात्रातील विद्युतक्षेत्र चालू केले की सर्व आयन ओढून घेतले जातात. ते बंद करून प्रवेगकातील कणांचा झोत सोडला की आयन हवे तितके वाढवता येतात. त्यामुळे आयनांसह आणि आयनांवाचून, अशी सरळ तुलना करता येते.

२०११ च्या पहिल्या निष्कर्षांत आयनांनी कणजन्म दोन ते दहा पट वाढल्याचे दिसले. त्याच वेळी सल्फ्युरिक आम्ल आणि अमोनिया एवढ्यावर खालच्या वातावरणातील कणजन्माचा उलगडा होत नाही, हेही दिसले. २०१६ मध्ये पाइनच्या झाडांच्या वाफांपासून आम्लावाचूनही कण बनतात आणि तेथे आयनांमुळे दर दहा ते शंभर पट वाढतो, असे आढळले. फिरणाऱ्या लेखांत एवढेच उचलले जाते. पण त्याच वर्षाच्या अखेरीस, या सर्व मोजमापांवर आधारलेल्या जागतिक गणितातून असे निघाले, की अकरा वर्षांच्या सौरचक्रात विश्वकिरणांत जो चढउतार होतो, त्याचा ढगांच्या केंद्रकांवरील परिणाम लक्षात घेण्याजोगाही नाही. एक-दोन नॅनोमीटरच्या पुंजक्यांपैकी फारच थोडे ५० नॅनोमीटरपर्यंत जगतात. जन्म थोडे वाढले, तर अन्न तेवढेच असल्यामुळे मृत्यूही वाढतात. शिवाय १९५० च्या दशकापासूनच्या विश्वकिरणांच्या नोंदींत सौरचक्राचे हेलकावे दिसतात, पण तापमानवाढीशी जुळणारा कल दिसत नाही.

आपण कोकणात राहता म्हणून आणखी एक मुद्दा सांगतो. पृथ्वीचे चुंबकत्व कमी ऊर्जेच्या विश्वकिरणांना विषुववृत्ताच्या आसपास परतवून लावते. हा अक्षांश-परिणाम १९२७ मध्ये डच शास्त्रज्ञ जेकब क्ले यांना जावा आणि हॉलंड यांमधील सागरप्रवासात दिसला. समुद्रसपाटीवर हा फरक दहा टक्क्यांच्या घरात असला, तरी पंधरा किलोमीटर उंचीवर तो काही पटींचा होतो. म्हणजे ज्या उष्णदेशीय पट्ट्यात वरच्या थरांतील कणजन्म सर्वांत जोरात चालतो, तेथेच विश्वकिरण तुलनेने कमी पोहोचतात, आणि सौरचक्राबरोबरचा त्यांचा चढउतारही तेथेच सर्वांत लहान असतो. विश्वकिरणांनी जगाचे ढग नियंत्रित केले असते, तर हा नकाशा उलटा दिसायला हवा होता.

प्रश्न (अहिल्यानगर जिल्ह्यातील एक शेतकरी) : हवेत आयन सोडून पाऊस पाडणारी यंत्रे निघाली आहेत असे ऐकले. दुष्काळी तालुक्यात ती उपयोगी पडतील का?

उत्तर : अशा यंत्रांवर पैसे खर्च करू नयेत. नव्या कणाला ढगाचे केंद्रक व्हायलाच एक-दोन दिवस लागतात आणि तोवर वाऱ्याने तो आपल्या शिवारातून कित्येक कोस पुढे गेलेला असतो. पाऊस पाडण्याच्या दृष्टीने उलट मोठे कण लागतात. सोलापूर परिसरात भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेल्या प्रयोगात विमानातून क्षारांच्या नळकांड्या जाळून जे कण सोडले, ते मायक्रोमीटरच्या, म्हणजे हजार नॅनोमीटरच्या, आसपासचे होते. दोन नॅनोमीटरच्या पुंजक्याच्या तुलनेत अशा एका कणाचे आकारमान बारा कोटी पटींहून अधिक भरते. त्या प्रयोगातही पावसात सरासरी सुमारे १८ टक्के वाढ नोंदली गेली, ती योग्य ढग आधीच हजर असताना. ढग नसलेल्या आकाशातून पाऊस पाडण्याची कोणतीही रीत उपलब्ध नाही.

प्रश्न (डोंबिवली येथील एक गृहिणी) : धबधब्याजवळ ऋण आयनांमुळे प्रसन्न वाटते म्हणतात. घरी आयनयंत्र, मिठाचा दिवा किंवा ‘निगेटिव्ह आयन’चे लॉकेट वापरावे का?

उत्तर : धबधब्याशी ऋण आयन अधिक असतात हे खरे आहे, पाणी फुटताना भार वेगळे होतात, हे फिलिप लेनार्ड यांनी १८९२ मध्येच दाखवले होते. प्रसन्न वाटण्याला मात्र गारवा, हिरवाई आणि सुट्टी ही कारणे पुरेशी आहेत. आयनयंत्र हवेतील कणांना भार देते आणि ते कण भिंतींना, पडद्यांना चिकटतात, म्हणून यंत्राशेजारची भिंत काळवंडते. काही यंत्रांतून ओझोन बाहेर पडतो आणि दम्याच्या रुग्णाला तो बाधतो. बंद खोलीत ही यंत्रे टाळावीत. मिठाच्या दिव्याची ऊब लागते, त्यापलीकडे काही नाही.

लॉकेटबाबत मात्र मी स्पष्टपणे नको म्हणेन. सतत आयन सोडण्याचा दावा करणाऱ्या काही वस्तूंमध्ये किरणोत्सर्गी थोरियम असलेल्या खनिजांची भुकटी मिसळलेली आढळली आहे. नेदरलँड्सच्या नियामक संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये अशा दहा वस्तूंबद्दल जाहीर इशारा दिला होता. हे थोरियम मोनाझाइट नावाच्या खनिजात असते आणि केरळच्या काळ्या वाळूत ते भरपूर आहे. वाळूत ते किनाऱ्यावर पडलेले असते; लॉकेटमध्ये ते रात्रंदिवस त्वचेला लागून राहते, हा फरक लक्षात घ्यावा.

प्रश्न (कोल्हापूर येथील एक महाविद्यालयीन प्राध्यापक) : विद्यार्थ्यांकडून हवेतील आयनांची मोजणी करून घ्यायची आहे. महागड्या उपकरणावाचून हे शक्य आहे का?

उत्तर : शक्य आहे, आणि त्यासाठी १९०५ मध्ये हान्स गेर्डिन यांनी बनवलेली रचनाच आजही उत्तम. धातूची एक नळी आणि तिच्या आत मधोमध धातूचा दांडा, एका टोकाला हवा ओढणारा पंखा, बाहेरच्या नळीला विद्युतदाब आणि आतल्या दांड्याला विद्युतमापक, एवढीच तिची सामग्री आहे. बाहेरच्या नळीला धन दाब दिला, तर हवेतील धन आयन आतल्या दांड्याकडे ढकलले जातात आणि तेथे भार देतात. दाब उलटा केला की ऋण आयन मोजले जातात. दाब फार कमी असेल तर सर्व लहान आयन पकडले जाणार नाहीत. म्हणून दाब हळूहळू वाढवत न्यावा आणि प्रवाह वाढायचा थांबला की तो दाब पक्का करावा.

अडचण प्रवाहाच्या लहानपणाची आहे. समजा, नळीतून सेकंदाला दहा लिटर हवा जाते आणि तिच्यात दर घन सेंटिमीटरला ५०० आयन आहेत. मग सेकंदाला ५० लाख आयन दांड्यावर पोहोचतील आणि प्रवाह होईल सुमारे ०.८ पिकोअँपिअर. आता नळी आणि दांडा यांमध्ये जो विद्युतरोधक आधार बसवतो, त्याचा रोध १०^१४ ओहम असला आणि दाब १०० व्होल्ट असला, तरी त्याच्या पृष्ठभागावरूनच एक पिकोअँपिअर प्रवाह गळेल, म्हणजे मोजायच्या प्रवाहापेक्षा जास्त. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टच्या ओलाव्यात ही गळती कितीतरी वाढते, म्हणून विद्यार्थ्यांचा प्रकल्प डिसेंबर ते फेब्रुवारीत घ्यावा. आधारासाठी टेफ्लॉन वापरावे, ते स्पिरिटने पुसून कोरडे करावे आणि त्यानंतर बोट लावू नये. बोटाच्या घामाची एक रेघही पुरते. रात्रभर उघड्यावर ठेवलेल्या नळीत कोळी आडवा धागा टाकतो आणि दवाने भिजलेला तो धागा सकाळचे सर्व आकडे बिघडवतो, म्हणून मोजणीपूर्वी विजेरी लावून नळीच्या आत पाहून घ्यावे. प्रत्येक वाचनाआधी पंखा बंद करून शून्य नोंदवावे आणि तो आकडा वाचनातून वजा करावा. उपकरण जमिनीपासून एक मीटर उंचीवर, उदबत्ती, चूल आणि वाहने यांच्यापासून दूर ठेवून पहाटे पाच ते सकाळी अकरापर्यंत दर अर्ध्या तासाला वाचन घेतले, तर रेडॉनचा पहाटेचा चढ आणि ऊन वर आल्यानंतरचा उतार विद्यार्थ्यांच्या आलेखावर दिसायला हवा; न दिसल्यास प्रथम टेफ्लॉनचा आधार पुन्हा पुसून पाहावा.